ई जीवनसत्त्वाचे तेल : युक्तिवाद किती, पुरावा किती?

राजुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातही आता ई जीवनसत्त्वाच्या मऊ, तेलाने भरलेल्या कॅप्सूल औषधाच्या दुकानात सहज मिळतात. त्या घेणारे कोण असतात? केस गळतात म्हणून कॉलेजातली मुलगी घेते. चेहऱ्यावरच्या डागांसाठी तिची मैत्रीण घेते. रात्री पायात गोळे येतात म्हणून शिक्षक घेतात, हृदय मजबूत राहावे म्हणून निवृत्त कारकून घेतात. ‘रक्ताला चांगले’ असे कोणी सांगितले म्हणून सिकलसेल झालेल्या मुलाचे आईवडीलही घेतात. एकच वस्तू इतक्या निरनिराळ्या तक्रारींवर चालते असे कोणी म्हणू लागले, की विज्ञानाच्या शिक्षकाने थोडे थांबून विचार करायला हवा.

ई जीवनसत्त्वाच्या बाजूने जो मजकूर ठिकठिकाणी छापला जातो, त्याचे परीक्षण करावे हा या लेखाचा हेतू आहे. या मजकुराची भाषा कितीही बदलली तरी त्याचा सांगाडा तीन वाक्यांचा असतो. पहिले वाक्य : ई जीवनसत्त्व हे ऑक्सिडीभवन रोखणारे द्रव्य आहे. दुसरे वाक्य : शरीरातील मुक्त मूलकांमुळे होणारे ऑक्सिडीभवन हृदयविकार, कर्करोग आणि वार्धक्य यांच्याशी संबंधित आहे. तिसरे वाक्य : म्हणून ई जीवनसत्त्व जास्त घेतल्यास हे विकार टळतात. यातील पहिले वाक्य खरे आहे. दुसऱ्यातही बरेच तथ्य आहे. घोटाळा आहे तो तिसऱ्या वाक्याच्या आरंभी असलेल्या ‘म्हणून’ या शब्दात.

उंदरांपासून टोकोफेरॉलपर्यंत

ई जीवनसत्त्वाचा शोध १९२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांनी लावला. त्या वेळी माहीत असलेली सर्व पोषकद्रव्ये असलेला आहार त्यांनी उंदरांच्या माद्यांना दिला. माद्या धडधाकट राहिल्या, गाभणही राहिल्या. पण त्यांचे गर्भ पोटातच मरून शोषले जाऊ लागले. आहारात लेट्यूसची हिरवी पाने किंवा गव्हाचा अंकुर घातला की पिल्ले नीट जन्मत. १९३६ साली गव्हाच्या अंकुराच्या तेलातून हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. अपत्यजन्म आणि वाहून नेणे या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याला ‘टोकोफेरॉल’ असे नाव मिळाले. ई जीवनसत्त्वाने वंध्यत्व जाते, ही समजूत याच प्रयोगातून निघाली. उंदरातील अभावाचा परिणाम आणि अभाव नसलेल्या माणसाला जादा डोस दिल्याचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून आजपर्यंत अनेकांच्या लक्षात आलेले नाही.

निसर्गात ई जीवनसत्त्वाची आठ रूपे आढळतात : चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायनॉल. यांपैकी आल्फा टोकोफेरॉल हेच रूप आपले यकृत निवडून घेते आणि रक्तात पुन्हा सोडते. त्यासाठी यकृतात एक खास वाहक प्रथिन असते. ज्यांच्यात जन्मतःच हे प्रथिन सदोष असते, त्यांना आहार चांगला असूनही ई जीवनसत्त्वाचा अभाव होतो. त्यांचे मज्जातंतू बिघडतात, तोल जातो. अशा रुग्णांना मोठ्या मात्रेतील ई जीवनसत्त्व आयुष्यभर द्यावे लागते आणि त्याचा उपयोगही होतो. परंतु हा आजार अतिशय विरळ आहे.

पेशीपटलावरचा पहारा

हे द्रव्य शरीरात करते तरी काय? पेशीच्या पटलात असंपृक्त मेदाम्ले असतात. मुक्त मूलकाने अशा एका मेदाम्लातील हायड्रोजन अणू ओढून घेतला, की ते मेदाम्ल स्वतःच मूलक बनते आणि ऑक्सिजनशी संयोग पावून शेजारच्या मेदाम्लावर हल्ला करते. एका काडीने दुसरी पेटावी तशी ही साखळी पुढे जाते. टोकोफेरॉलच्या रेणूतील हायड्रॉक्सिल गट आपला हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतो. वनस्पतीही टोकोफेरॉल बनवतात ते याच कामासाठी. बियांतील तेल खवट होऊ नये, याची ती तजवीज आहे.

येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. बाजारातील बहुतेक कॅप्सूलमध्ये शुद्ध टोकोफेरॉल नसून टोकोफेरिल ॲसिटेट असते. त्यातील हायड्रॉक्सिल गट ॲसिटेटने झाकलेला असतो, म्हणूनच ते द्रव्य हवेत टिकते. पण गट झाकलेला असेतोवर ते साखळी तोडू शकत नाही. आतड्यातील विकरे हे झाकण काढतात, त्यानंतर ते कामाला लागते. कॅप्सूल फोडून चेहऱ्याला चोळणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. त्वचेत हे झाकण थोड्याच प्रमाणात निघते.

‘म्हणून’ या शब्दाची परीक्षा

१९४६ साली कॅनडातील शूट बंधूंनी ई जीवनसत्त्व हृदयविकारावर गुणकारी असल्याचा दावा केला होता. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत तो टिकला नाही. पुढे १९९३ साली या कल्पनेला नवे बळ मिळाले. अमेरिकेतील ८७,२४५ परिचारिका आणि ३९,९१० पुरुष आरोग्य व्यावसायिक यांच्या दोन पाहण्या प्रसिद्ध झाल्या. ई जीवनसत्त्व भरपूर घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. संख्या मोठी, शास्त्रज्ञ नामवंत, आणि रसायनशास्त्राचे स्पष्टीकरण हाताशी तयार! कॅप्सूलचा खप वाढला यात नवल नाही.

परंतु जी माणसे आपणहून जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात, ती इतर बाबतींतही वेगळी असतात. ती सहसा कमी धूम्रपान करतात, अधिक व्यायाम करतात, दुखले की डॉक्टरकडे लवकर जातात, त्यांच्या हाती चार पैसे अधिक असतात. संशोधक गणिताने हे फरक वजा करण्याचा प्रयत्न करतात. पण जे मोजलेच नाही ते वजा कसे करणार? ‘घेणाऱ्यांना आजार कमी’ आणि ‘घेतल्याने आजार कमी’ ही दोन विधाने वेगळी आहेत. दोहोंमधील अंतर कापण्याचा एक विश्वसनीय मार्ग आहे. लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला खरी कॅप्सूल द्यायची, दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल द्यायची, आणि कोणाला काय मिळाले हे शेवटपर्यंत देणाऱ्याला वा घेणाऱ्याला कळू द्यायचे नाही.

अशा चाचण्या झाल्या. इंग्लंडमधील केंब्रिजच्या १९९६ सालच्या चाचणीत २,००२ हृदयरुग्ण होते. हृदयविकाराचे जीवघेणे नसलेले झटके कमी झाले, परंतु मृत्यू कमी झाले नाहीत. हा निष्कर्ष आशादायक वाटला. मग ‘होप’ नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल २००० साली आले. तिच्यात ४,७६१ जणांना रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व आणि ४,७८० जणांना निष्क्रिय कॅप्सूल सुमारे साडेचार वर्षे देण्यात आली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू या घटना पहिल्या गटात ७७२ जणांत घडल्या, दुसऱ्या गटात ७३९ जणांत. टक्केवारी काढा : १६.२ आणि १५.५. फायदा तर नाहीच. जो किरकोळ फरक आहे तोही उलट्या दिशेचा आणि योगायोगाने पडण्याजोगा. हाच अभ्यास पुढे चालू ठेवला असता २००५ साली असे दिसले, की ई जीवनसत्त्वाच्या गटात हृदय दुबळे पडण्याचे प्रमाण थोडे अधिक होते.

कर्करोगाची कथा याहून बोधप्रद आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेली चाचणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. रोज ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्वाने फुप्फुसाचा कर्करोग टळला नाही आणि मेंदूतील रक्तस्रावाने झालेले मृत्यू अधिक आढळले. मात्र त्याच आकडेवारीत पुरस्थ ग्रंथीचा कर्करोग ३२ टक्क्यांनी कमी दिसला. चाचणी या प्रश्नासाठी आखलेलीच नव्हती. हे आनुषंगिक निरीक्षण होते. ते खरे की योगायोग, हे ठरवण्यासाठी अमेरिका व कॅनडा येथे ३५,५३३ पुरुषांची ‘सिलेक्ट’ ही चाचणी आखण्यात आली. फायदा दिसत नाही म्हणून २००८ साली कॅप्सूल देणे थांबवावे लागले. २०११ साली आलेल्या आकड्यांनुसार निष्क्रिय कॅप्सूलच्या गटात ५२९ कर्करोग, तर जवळपास तेवढ्याच मोठ्या ई जीवनसत्त्वाच्या गटात ६२० कर्करोग आढळले. म्हणजे १७ टक्के वाढ. ज्या रोगापासून संरक्षण अपेक्षित होते, तोच रोग वाढला!

असे का व्हावे? याची काही कारणे कळली आहेत. मुक्त मूलक हे निव्वळ शत्रू नाहीत. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी त्यांचाच वापर करतात, पेशींमधील काही संदेशही त्यांच्यामार्फत जातात. शरीर जादा आल्फा टोकोफेरॉलचे विघटन करून ते बाहेर टाकते, त्यामुळे मात्रा कितीही वाढवली तरी रक्तातील पातळी काही पटींपलीकडे जात नाही. शिवाय मोठ्या मात्रेने अन्नातून मिळणारे गॅमा टोकोफेरॉल रक्तातून घटते. मोठ्या मात्रेचे ई जीवनसत्त्व के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते, त्यामुळे रक्त गोठण्यास विलंब लागतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता ही कॅप्सूल घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

चेहरा आणि केस

कॅप्सूल फोडून व्रणावर लावण्याची प्रथा फार लोकप्रिय आहे. तिची परीक्षा १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या व्रणाच्या अर्ध्या भागावर ई जीवनसत्त्व घातलेले मलम आणि अर्ध्या भागावर साधे मलम लावण्यात आले. १५ रुग्णांपैकी बहुतेकांत काहीही फरक पडला नाही किंवा व्रण अधिक खराब दिसला, आणि एक तृतीयांश रुग्णांच्या त्वचेला पुरळ उठले. १५ रुग्ण ही संख्या लहान आहे हे खरे. पण उलट बाजूला तेवढाही भक्कम पुरावा नाही. तेल चोळल्याने त्वचा मऊ पडते, ते तर खोबरेल तेलानेही होते. केस गळत असतील तर आधी रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासावे.

सिकलसेल : जेथे चूक महाग पडते

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत सिकलसेलची जनुके अनेक समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतात. राजुरा भागातील एका शिक्षिकेने आम्हाला विचारले, ‘माझ्या वर्गातल्या मुलीला सिकलसेल आहे. तिचे वडील मजुरी करतात आणि दर महिन्याला ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणतात. आणू द्याव्यात का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नुकसान तर काही नाही ना’ असे झटकून देता येणार नाही.

कल्पना मुळात वाह्यात नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. ई जीवनसत्त्वाचा अभाव असला तर तांबड्या पेशी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या संपर्काने लवकर फुटतात. अभाव ओळखण्याची ती जुनी चाचणीच आहे. सिकलसेलच्या रुग्णांत तांबड्या पेशी सतत फुटत असतात, त्यातून लोहयुक्त द्रव्ये मोकळी होतात, ऑक्सिडीभवन वाढते, आणि रक्तातील ई जीवनसत्त्वाची पातळीही कमी आढळते. तेव्हा ते दिले तर पेशी वाचतील, हा तर्क स्वाभाविक आहे. काही छोट्या अभ्यासांत विळ्याच्या आकाराच्या पेशींची संख्या घटल्याचेही दिसले होते. परंतु ब्राझीलमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिकलसेलच्या प्रौढ रुग्णांना चिठ्ठ्या टाकून क आणि ई जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत सहा महिने देण्यात आली, तेव्हा रक्तक्षय सुधारला नाही. उलट तांबड्या पेशी फुटण्याच्या खुणा वाढल्या.

याच्या शेजारी दुसरे औषध ठेवून पाहू. हायड्रॉक्सियुरिया या औषधाची २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीव्र वेदनांचे झटके औषधाच्या गटात वर्षाला मध्यकानुसार सुमारे अडीच, तर निष्क्रिय गोळीच्या गटात साडेचार होते. म्हणजे जवळजवळ निम्मा फरक. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायचे असते. त्यासाठी रुग्णालयात जावे लागते, दिवसाची मजुरी बुडते. दुकानातून आणलेली कॅप्सूल सोपी असते आणि ‘आपण काहीतरी करतो आहोत’ असे समाधान देते. तिचा खरा तोटा या समाधानात आहे. ते समाधान ज्या औषधाने निश्चित फरक पडतो त्याची जागा अडवते. म्हणून त्या शिक्षिकेला आमचे उत्तर असे होते : कॅप्सूलचे पैसे रुग्णालयाच्या एस.टी.भाड्यासाठी ठेवायला सांगा. मुलीला वर्गात हवे तेव्हा पाणी पिऊ द्या, कडक उन्हात कवायतीला उभे करू नका. ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील विद्राव्यता चाचणी ही फक्त चाळणी असते. पक्के निदान इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीने होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही शिक्षकांना माहीत असावे.

कापसाच्या तालुक्यातील ई जीवनसत्त्व

आता स्वयंपाकघरात येऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनुसार प्रौढ माणसाला रोज साधारण साडेसात ते दहा मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व पुरते. १०० ग्रॅम सूर्यफूल तेलात आल्फा टोकोफेरॉल सुमारे ४१ मिलिग्रॅम, सरकीच्या तेलात ३५, करडईच्या तेलात ३४, शेंगदाण्याच्या तेलात १६, तर सोयाबीनच्या तेलात ८ मिलिग्रॅम असते. जवसाच्या तेलात मुख्यतः गॅमा रूप असते, आल्फा अगदी थोडे. वाण आणि शुद्धीकरण यांनुसार हे आकडे कमीजास्त होतात. राजुरा हा कापसाचा तालुका. सरकीचे तेल गॉसिपॉल हे विषारी द्रव्य काढून शुद्ध केल्यावरच खाण्याजोगे होते, पण शुद्ध केलेल्या २० ग्रॅम तेलातही सुमारे सात मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व मिळते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून आणखी अडीच. दिवसाची गरज येथेच भागली.

याउलट ४०० मिलिग्रॅमच्या कृत्रिम कॅप्सूलचा हिशेब करा. कृत्रिम रूपातील सुमारे निम्मेच रेणू उपयोगी आकाराचे असतात, तरीही त्यातून सुमारे १८० मिलिग्रॅम आल्फा टोकोफेरॉल मिळते. तेवढे अन्नातून घ्यायचे तर रोज दोन किलोंहून अधिक शेंगदाणे खावे लागतील. ज्याला आपण ‘नैसर्गिक’ म्हणतो, ती मात्रा ही नव्हे.

अर्थात सर्वांच्याच ताटात पुरेसे तेल पडते असे नाही. जिवतीच्या डोंगरातील एखाद्या कोलाम कुटुंबात दिवसाकाठी चमचाभरही तेल नसेल, तर तेथील मुलाला ई जीवनसत्त्वाबरोबर उष्मांक आणि ए जीवनसत्त्वही कमी पडणार. ती उणीव कॅप्सूल भरून काढत नाही. तेथे हवे आहे ते तेल आणि शेंगदाणे.

डॉक्टरांनी ई जीवनसत्त्व द्यावे अशी कारणे खरोखर आहेत : मेद पचत वा शोषला जात नसणे, पित्ताचा प्रवाह अडणे, काही अपुऱ्या दिवसांची अर्भके. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेह नसलेल्या, यकृतात मेद साठून दाह झालेल्या रुग्णांपैकी ४३ टक्क्यांना त्याचा फायदा झाला. निष्क्रिय गोळीच्या गटात हे प्रमाण १९ टक्के होते. म्हणजे हे औषध आहे. औषध आहे म्हणूनच ते निदानाशिवाय घ्यायचे नसते.

वर्गात काय करता येईल

दोन काचपट्ट्यांवर जवसाचे आणि शेंगदाण्याचे तेल पातळ पसरून उन्हात, धूळ लागणार नाही असे ठेवा. काही दिवसांत जवसाच्या तेलाचा चिकट पापुद्रा बनतो. शेंगदाण्याचे तेल बराच काळ ओले राहते. असंपृक्तपणा जास्त तर ऑक्सिडीभवन जास्त, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. जवसाच्या तेलात टोकोफेरॉल असूनही ते वाळतेच; म्हणजे हा पहारा काळ लांबवतो, थांबवत नाही.

दुसरा उपक्रम हिशेबाचा. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलामागे ५ ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गात साडेसात ग्रॅम तेल ठरलेले आहे. तेल सूर्यफुलाचे असेल तर ५ ग्रॅममधून दोन मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व मिळते, सोयाबीनचे असेल तर सुमारे ०.४. आपल्या शाळेत कोणते तेल येते, ते ठरल्याइतके पडते का, हे मुलांना मोजू द्या.

तिसरा उपक्रम वाचनाचा. वर्तमानपत्रातील आरोग्यविषयक कोणतीही जाहिरात आणायला सांगा आणि तिच्यातील ‘म्हणून’ शोधायला लावा. तो शब्द छापलेला नसला तरी दडलेला असतोच. मग प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा : हे माणसांवर पाहिले की उंदरांवर? घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी नुसती तुलना केली, की चिठ्ठ्या टाकून गट केले? जे मोजले ते रक्तातील एखादे द्रव्य, की माणसाचे दुखणे आणि आयुष्य? नववी-दहावीच्या मुलांना हे प्रश्न अवघड नाहीत. आणि घरी कोणती पट्टी आणायची आणि कोणती नाही, हे ठरताना ऐकणारे आणि बोलणारे घरात पुष्कळदा तेच असतात.